गावी राहिलेले गवई : कृष्णराव शंकर पंडित

ग्वाल्हेरच्या संगीताची गोष्ट निघाली की पहिले नाव येते ते तानसेनाचे. महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात, एका उघड्या चबुतऱ्यावर, त्याची लहानशी कबर आहे. शेजारच्या चिंचेचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी समजूत. दर डिसेंबरात तेथे तानसेन समारोह भरतो आणि देशोदेशीचे गुणीजन हजेरी लावून जातात. परंतु एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ज्या तानसेनाच्या नावाने ग्वाल्हेर ओळखले जाते, तो ग्वाल्हेर सोडून गेला होता. आधी राजा रामचंद्र बघेल याच्या पदरी आणि पुढे, १५६२ च्या सुमारास, अकबराच्या दरबारी त्याची कीर्ती झाली. ग्वाल्हेरीस तो परतला तो चिरविश्रांतीसाठी.

ग्वाल्हेरच्या गाण्याचा पुढचा इतिहासही असाच घडला आहे. हे गाणे हिंदुस्थानभर पसरले ते बहुतांशी तेथून निघून गेलेल्या गवयांमुळे, आणि संगीताच्या इतिहासात त्यांची नावे ठळक अक्षरांनी लिहिली गेली आहेत. आज आपण ज्यांच्या चरित्राकडे वळणार आहोत ते गवई मात्र गावीच राहिले. पंडित कृष्णराव शंकर पंडित यांचा जन्म २६ जुलै १८९३ रोजी ग्वाल्हेरीस झाला आणि २२ ऑगस्ट १९८९ रोजी त्यांनी देह ठेवला तोही ग्वाल्हेरीसच. शहाण्णव वर्षांच्या या आयुष्यात राजेशाही आली आणि गेली, ग्रामोफोन आला, नभोवाणी आली, दूरचित्रवाणीही आली. या सर्व उलथापालथीत एका मध्यम शहरातील एका घराने एक गायकी कशी सांभाळली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना आणि श्रोत्यांना ग्वाल्हेर परके नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ कधी उठलाच नाही, आणि त्याचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर बनले. शिंद्यांबरोबर सरदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, पुराणिक आणि कीर्तनकारही आले. त्यांची मराठी घरे तेथे कायमची वसली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि बैठकीत व्रज भाषेतल्या चिजा, अशी त्या घरांची त्रिभाषी राहणी होती. ख्यालगायनाचे जे घराणे सर्वांत जुने म्हणून मानले जाते, ते या शहरात, या राहणीच्या शेजारी वाढले.

त्या घराण्याचे मूळ पुरुष नत्थन पीरबक्ष. त्यांचे नातू हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ. बडे महंमदखाँ यांची विलक्षण तानबाजी या भावांनी पडद्याआड बसून ऐकली आणि आत्मसात केली, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. तिच्यातील इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट तिच्यातून स्पष्ट दिसते. विद्या त्या काळी लपवून ठेवण्याची वस्तू होती; ती मिळवावयाची तर चोरून मिळवावी लागे. असे असता याच खाँसाहेबांनी मराठी ब्राह्मणांच्या मुलांना समोर बसवून तालीम दिली, ही त्या काळाचा विचार करता लहान गोष्ट नव्हे. हस्सूखाँनी वासुदेवबुवा जोशी यांना शिकविले. वासुदेवबुवांकडून ती विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली, आणि दक्षिणेत परतून त्यांनी ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्राच्या मातीत रुजविला. मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर पुढे लाहोरास गेले आणि १९०१ साली त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालय काढले. हद्दूखाँचे शिष्य विष्णुपंत छत्रे हे तर सर्कशीचे धनी झाले. त्यांनी आपल्या गुरूचे पुत्र रहिमतखाँ यांना आश्रय दिला. त्या अलौकिक गायकाची अखेर १९२२ साली कृष्णाकाठच्या कुरुंदवाडात झाली. ग्वाल्हेरचे स्वर कोठकोठवर जाऊन पोहोचले, हे यावरून कळून येईल.

आता जे मागे राहिले त्यांच्याकडे वळू. विष्णुपंत पंडित नावाचे एक कीर्तनकार ग्वाल्हेरीस होते. खाँसाहेबांच्या घराशी त्यांचा स्नेह जुळला आणि त्या स्नेहातून त्यांच्या मुलांना तालीम मिळाली. त्यांपैकी शंकरराव (१८६३–१९१७) आणि एकनाथपंत हे दोघे बंधू पुढे थोर गायक म्हणून नावाजले. हद्दूखाँ १८७५ साली निवर्तले तेव्हा शंकरराव अवघे बारा वर्षांचे होते. त्यांना पुढील सारी विद्या दिली ती नत्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ यांनी. जयाजीराव महाराज १८८६ साली वारले आणि दरबाराची जुनी घडी विस्कटली. तेव्हा निसार हुसेनखाँ राहावयास गेले ते आपल्या शिष्याच्या, शंकररावांच्या घरी. मुसलमान गुरू ब्राह्मण शिष्याच्या घरी वर्षानुवर्षे राहतो, त्या घराचे आचार सांभाळतो आणि घरातील मुलांना गाणे शिकवितो, हे दृश्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य नव्हते. कृष्णरावांचे बालपण याच घरात गेले. त्यांना वडिलांची तालीम मिळाली, आणि वडिलांच्या गुरूचीही मिळाली.

सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत ज्या घरात गाण्याखेरीज दुसरा विषय नाही, तेथे मुलाने काय शिकावे हे कोणी ठरवावे लागत नाही. चिजा कानांवर पडतच असतात. तालीम सुरू होते तेव्हा त्यांतील कितीतरी आधीच पाठ झालेल्या असतात. याच निसार हुसेनखाँकडे सावंतवाडी भागातले एक अनाथवत् तरुण, रामकृष्णबुवा वझे, उपासतापास सोसून शिकावयास आले होते. वझेबुवा विद्या घेऊन निघाले, गावोगाव फिरले, नाटक मंडळ्यांना चाली देऊ लागले आणि महाराष्ट्रात मोठे झाले. कृष्णरावांनाही ती वाट मोकळी होती. मुंबई-पुण्याकडे संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ होता, ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या, रसिक धनिक बैठका करीत होते. कृष्णराव तरुणपणी काही काळ साताऱ्यास राजगायक म्हणून राहिलेही. परंतु तेथून ते ग्वाल्हेरीस परतले, आणि पुढे मैफलींच्या निमित्ताने सर्वत्र संचार केला तरी बिऱ्हाड त्यांनी हलविले नाही.

परतल्यावर त्यांनी केलेले पहिले मोठे काम म्हणजे १९१४ साली स्वतःचे संगीत विद्यालय काढणे. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम एकवीस वर्षांचे. तीन वर्षांनी शंकरराव निवर्तले, आणि हे विद्यालय ‘शंकर गांधर्व महाविद्यालय’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पितृऋण फेडण्याच्या आपल्याकडे अनेक रीती आहेत. वडिलांनी दिलेली विद्या त्यांच्याच नावाने गावातल्या मुलांना रोज शिकविणे, ही रीत कृष्णरावांनी पत्करली.

याच सुमारास ग्वाल्हेरच्या संगीतात एक नवे पर्व सुरू झाले. माधवराव शिंदे महाराजांनी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना बोलाविले, आणि १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. तेथे शिकविण्यासाठी निवडलेले गायक आधी मुंबईस जाऊन भातखंड्यांची स्वरलेखनपद्धती शिकून आले. शंकररावांचे शिष्य राजाभैय्या पूछवाले यांनी पुढे या संस्थेची धुरा वाहिली. म्हणजे एकाच गुरूच्या विद्येचे दोन प्रवाह एकाच शहरात शेजारी शेजारी वाहू लागले. एक प्रवाह अभ्यासक्रमाचा, वर्गांचा, लिहिलेल्या चिजांचा आणि परीक्षांचा. दुसरा गुरूच्या समोर बसून त्याच्या तोंडून घेतलेल्या तालमीचा.

या दोहोंत विरोध होता असे सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु वस्तुस्थिती तशी सरळ नाही. भातखंड्यांनी ग्वाल्हेरच्या ज्या चिजा लिहून घेतल्या, त्यांतील अनेक कृष्णरावांचे चुलते एकनाथपंत यांच्याकडून मिळालेल्या होत्या. स्वतः कृष्णरावांनीही विद्यार्थ्यांसाठी पुस्तके लिहिली. ‘संगीत सरगम सार’, ‘संगीत प्रवेश’, ‘संगीत आलाप संचारी’ ही त्यांपैकी काही. पुढील आयुष्यात माधव संगीत महाविद्यालयाने त्यांना सन्मान्य प्राध्यापकपदही दिले. प्रश्न लिहावे की लिहू नये एवढाच नव्हता. लिहिलेल्या चिजेत स्वर सापडतात, ताल सापडतो, शब्द सापडतात. परंतु कोणत्या अक्षरावर किती वजन द्यावे, समेच्या आधी श्वास कोठे घ्यावा, मुखडा कोठून उचलला म्हणजे तो अलगद समेवर येऊन बसतो, हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो, आणि तो माणूस रोज तेथेच सापडावा लागतो. कृष्णरावांचे गावी राहणे विद्येच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते यामुळे.

त्यांची गायकी कशी होती हे शब्दांत सांगणे कठीण. तथापि तिच्या काही खुणा सांगता येतील. ग्वाल्हेरचा गवई आधी पुरी चीज मांडतो. अस्थायी आणि अंतरा नीट, स्पष्ट, तालात बसवून गावयाचा; मग त्या चिजेच्या अंगाने राग वाढवावयाचा. विलंबित लय अतिसंथ नसते. तिलवाडा किंवा झुमरा असा चालावा की ऐकणाऱ्याला तालाचे आवर्तन हाताशी राहावे. आलाप, बोलआलाप, बोलताना, सरळ चढत-उतरत जाणाऱ्या सपाट ताना, गमक, मींड, खटका, लयकारी ही सारी अंगे एका ख्यालात यावीत. एखादेच अंग फुगवून बाकीची टाकून देऊ नयेत. या सर्वांगीणतेला जाणकार ‘अष्टांग गायकी’ म्हणतात. रागही बहुधा नित्याचेच : यमन, हमीर, केदार, भूप, बिलावल. अप्रचलित रागांचे नवल दाखवून चकित करण्याचा हव्यास या परंपरेत नाही.

कृष्णरावांच्या गाण्यात हे सारे होते, आणि त्याहून विशेष होती ती त्यांची जोरकस लयकारी. तालाशी ते खेळत, झुंजत, त्याला हुलकावणी देत आणि नेमके समेवर येत. टप्पा हा तर त्यांचा खास प्रांत. पंजाबच्या उंटवाल्यांच्या गाण्यांतून निघाला असे मानला जाणारा हा प्रकार अतिशय चपळ. त्यात दमदार आलापीला जागा नाही, स्वरांचे दाणे एकामागून एक विजेच्या वेगाने पडावे लागतात, आणि तरीही प्रत्येक दाणा वेगळा ऐकू यावा लागतो. ख्याल, टप्पा आणि तराणा या तिन्ही प्रकारांवर सारखेच प्रभुत्व असलेले गवई त्यांच्या पिढीतही थोडेच होते. मधुर, गुळगुळीत गाण्याची ज्यांना सवय, त्यांना हे गाणे प्रथम काहीसे खडबडीत वाटे. परंतु त्यातील बांधणी एकदा लक्षात आली की श्रोता त्याला सोडीत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारत संघात विलीन झाले. पुढे १९५६ साली मध्यप्रदेशाची रचना झाली आणि राजधानी भोपाळास गेली. दरबार संपला. दरबारी गवयाला ठराविक तनखा असे, मान असे, आणि मुख्य म्हणजे ऐकणारा धनी असे. ते सारे थोड्याच वर्षांत नाहीसे झाले. हिंदुस्थानातील किती घराण्यांची घरे या काळात ओस पडली, किती गवयांची मुले कचेऱ्यांत कारकून झाली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. अशा वेळी कृष्णरावांच्या मागे दोन आधार होते. पहिला त्यांनी आपल्या तरुणपणी उभा केला होता, तो म्हणजे विद्यालय. दुसरा नव्या काळाने दिला, तो म्हणजे आकाशवाणी. जी गायकी दिवाणखान्यातील पाचपन्नास श्रोते ऐकत, ती आता गावोगावच्या घरांत ऐकू येऊ लागली. पुढे आकाशवाणीने त्यांना सन्मान्य निर्माते म्हणून गौरविले, आणि त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे जतन झाली.

मान मिळाले तेही बहुधा उतारवयात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५९ साली, खैरागडच्या संगीत विश्वविद्यालयाची सन्मान्य डॉक्टरेट १९६२ साली, पद्मभूषण १९७३ साली आणि तानसेन सन्मान १९८० साली, म्हणजे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. गावात राहणाऱ्याकडे राजधानीचे लक्ष उशिरा जाते. ही गोष्ट केवळ आपल्याच देशापुरती नाही.

येथे पश्चिमेकडील एक उदाहरण आठवते. अमेरिकेतील जाझ हे संगीतही आपल्या ख्यालाप्रमाणे ऐन वेळी फुलविण्याचे. लिहिलेल्या सुरावटीपेक्षा वादकाच्या तालमीवर आणि बुद्धीवर उभे असलेले. त्याचे माहेर न्यू ऑर्लिन्स. तेथून १९२२ साली लुई आर्मस्ट्राँग शिकागोस गेला आणि जगप्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच्या पिढीतील बंक जॉन्सन नावाचा एक कर्णावादक मात्र लुइझियानातच न्यू इबेरिया या लहान गावी मागे राहिला. त्याचे दात गेले, कर्णा गेला, आणि पोटासाठी तो मोलमजुरी करू लागला. जाझच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्या काही अभ्यासकांनी १९३८ च्या सुमारास त्याला पत्र लिहून हुडकून काढले. मग त्याला नवे दात बसविले गेले, नवा कर्णा मिळाला, आणि १९४२ साली त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकून लोकांना जाझचे जुने रूप नव्याने कळले. परंतु हाती उरली होती थोडी वर्षे. १९४९ साली तो वारला.

हे दोघेही गावी राहिले. परंतु दोघांच्या वाट्यास आलेले राहणे सारखे नव्हते. जॉन्सन एकटा पडला. त्याच्या गावात त्याची विद्या घ्यावयास कोणी रांगेत उभे नव्हते, आणि म्हणून बाहेरच्यांनी शोधून काढीपर्यंत ती मुकी राहिली. कृष्णरावांना शोधून काढण्याची पाळी कोणावर आली नाही, कारण त्यांच्या दाराशी शिष्य येतच होते. लहान गावात कला मरते असे आपण सहज म्हणून जातो. खरे पाहता ती मरते ते शिकणे-शिकविणे थांबते तेव्हा. मग ते गाव लहान असो की मोठे.

त्या शिष्यांपैकी शरच्चंद्र आरोळकर यांचे नाव महाराष्ट्रास विशेष परिचित आहे. १९१२ साली कराचीस जन्मलेले आरोळकर ग्वाल्हेरीस येऊन कृष्णरावांकडे आणि एकनाथपंतांकडे शिकले, आणि नंतर मुंबईस स्थायिक झाले. त्यांच्याकडून शरद साठे, नीला भागवत यांसारख्या गायकांपर्यंत ही विद्या पोहोचली. बाळकृष्णबुवांनी एकोणिसाव्या शतकात जी गायकी दक्षिणेत आणली, तिचीच दुसरी धारा विसाव्या शतकात अशा रीतीने महाराष्ट्रात आली. कोणीतरी गावी राहिले म्हणूनच दुसऱ्या कोणाला तेथे जाऊन ती आणता आली.

घरातील परंपराही खंडित झाली नाही; मात्र ती चालली ती एका मोठ्या दुःखातून वाट काढीत. कृष्णरावांचे पुत्र लक्ष्मण कृष्णराव पंडित यांनी ती पुढे नेली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव तुषार हे पुढचे वारस मानले जात. १९९४ साली एका अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. आतापर्यंत या घरातील विद्या व्यवसाय म्हणून बापाकडून मुलाकडे जात आली होती. आता तो धागा तुटतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा तुषार यांची बहीण मीता पंडित पुढे झाली. आजोबांच्या हयातीतच तिच्या कानांवर हे गाणे पडले होते; वडिलांकडून तालीम मिळाली, आणि गायन हाच व्यवसाय पत्करणारी ती त्या घराण्यातील पहिली स्त्री ठरली. जे घराणे कधी काळी पडद्याआडून ऐकलेल्या विद्येवर वाढले असे सांगतात, त्याच्या परंपरेत ही विद्या मुलीच्या कंठात उघड्या सभेत आली. विष्णुपंतांच्या काळी खाँसाहेबांनी मराठी मुलांना समोर बसविले होते. त्या पावलाच्या तोडीचे हे दुसरे पाऊल म्हटले पाहिजे.

आज ग्वाल्हेरीस राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठ आहे. ते २००८ साली स्थापन झाले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरचा समावेश जगातील सर्जनशील संगीतनगरांत केला. या गोष्टी अभिमानाच्या खऱ्या. तथापि अशा पदव्या शहराला मिळतात त्या त्याच्या भूतकाळाकडे पाहून; त्या टिकतात त्या मात्र तेथे आज कोण कोणाला शिकवीत आहे यावर. किल्ला, मकबरा आणि चिंचेचे झाड प्रवाशांना दाखविता येते. सकाळी तंबोरा जुळवून समोरच्या मुलाकडून एकच मुखडा शंभर वेळा म्हणवून घेणारा गुरू प्रवाशांच्या नजरेस पडत नाही.

कृष्णरावांचा वारसा कोणता, असे विचारले तर पुरस्कारांची यादी देता येईल, पुस्तके दाखविता येतील, ध्वनिमुद्रणे ऐकविता येतील. त्या सर्वांपेक्षा मोलाची गोष्ट ही की, सत्तरहून अधिक वर्षे ग्वाल्हेरात कोणालाही ख्याल शिकावासा वाटला तर जावे कोठे हे ठाऊक होते. आपापल्या गावात असा एखादा शिक्षक असेल, गाण्याचा असो, चित्रकलेचा असो वा संस्कृताचा असो, तर त्याच्याकडे मुले पाठवावीत. तो गेल्यावर त्याच्या नावाने समारोह भरविणे सोपे आहे; तो असताना त्याच्या समोर जाऊन बसणे, ही खरी कृतज्ञता.